‘ख्रिस्ती धर्म म्हणजे गोऱ्यांची तलवार’ या फॉरवर्डला उत्तर

शाळेच्या ग्रुपवर तो मेसेज या महिन्यात तिसऱ्यांदा आला. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ख्रिस्ती धर्म मूळचा युरोपचा, गोऱ्यांनी तो बंदुकीच्या जोरावर जगभर नेला, मिशनरी म्हणजे सरकारचेच एजंट, आणि साहेबाची सत्ता गेली की तो धर्मही आटतो. मी काही चर्चला जाणाऱ्यातला नाही, नाताळात वसईच्या मित्राकडचा फराळ तेवढा हादडतो, पण इतिहासाचं असं भजं झालेलं बघवत नाही म्हणून एकेक घेतो.

‘मूळचा युरोपचा.’ येशू आशियातला होता हे सोडूनच द्या, इथिओपियाचं बघा. चौथ्या शतकात तांबड्या समुद्रावर एक जहाज लुटलं गेलं, त्यातली दोन सिरियन पोरं अक्सूमच्या (म्हणजे तेव्हाच्या इथिओपियातल्या राज्याच्या) राजाकडे गुलाम म्हणून पोचली, त्यातला फ्रुमेंटियस मोठा होऊन दरबारातला वजनदार माणूस झाला आणि पुढे अलेक्झांड्रियाहून बिशप होऊन परत आला. तिथल्याच एझाना राजाच्या आधीच्या नाण्यांवर चंद्रकोर नि बिंब आहे, नंतरच्या नाण्यांवर त्याच जागी क्रॉस. युरोपातल्या लिथुएनियाने हा धर्म घेतला १३८७ साली, म्हणजे त्यानंतर हजारेक वर्षांनी! चीनमध्ये शीआनला ७८१ सालचा शिलालेख उभा आहे, त्यात लिहिलंय की अलोपेन नावाचा धर्मगुरू ६३५ मध्ये तिथे आला, तोही इराणकडच्या पूर्वेच्या चर्चचा, रोमचा नव्हे.

आणि लांब कशाला जा. सहाव्या शतकातला कॉस्मस नावाचा ग्रीक व्यापारी मलबारच्या ख्रिस्ती लोकांबद्दल लिहितो आणि ‘कल्याणा’ नावाच्या गावी इराणहून नेमलेला बिशप आहे असंही लिहितो, बरेच अभ्यासक हे आपलंच कल्याण मानतात. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन (कॅथलिक पंथाचे) साधू मारले गेले, ते उतरले होते कुणाकडे, तर तिथल्याच एका नेस्टोरियन, म्हणजे त्याच पूर्वेच्या चर्चच्या, ख्रिस्ती कुटुंबाकडे. वास्को द गामा १४९८ चा. म्हणजे पोर्तुगीज भारतात उतरायच्या पावणेदोनशे वर्षं आधी ठाण्यात ही घरं होती.

‘तलवारीच्या जोरावर.’ हे काही ठिकाणी शंभर टक्के खरं आहे आणि मी ते झाकणार नाही. गोव्यातलं इन्क्विझिशन (पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय) १५६० ला सुरू झालं ते १८१२ पर्यंत, मेक्सिको-पेरूत काय झालं तेही माहितीये. गंमत म्हणजे हीच तलवार त्याआधी युरोपातच चालली होती, शार्लमेन या फ्रँक राजाने सॅक्सन लोकांसाठी कायदाच केला, बाप्तिस्मा नाकारला तर देहदंड. तेव्हा जिथे जबरदस्ती झाली तिथे गावाचं नाव घेऊन बोला ना, ‘सगळीकडे’ म्हटलं की खऱ्या गुन्ह्याचंही वजन जातं.

‘मिशनरी म्हणजे सरकारचे एजंट.’ काही होतेही. पण ईस्ट इंडिया कंपनीला धंदा हवा होता, लोक भडकलेले नको होते, त्यामुळे १८१३ च्या चार्टरपर्यंत (कंपनीच्या सनदेच्या कायद्यापर्यंत) मिशनऱ्यांना तिच्या मुलुखात सहजासहजी परवानगीच मिळत नसे. इंग्रज मिशनरी विल्यम केरी १८०० साली बंगालातल्या श्रीरामपूरला जाऊन बसला ते तिथे डेन्मार्कचा अंमल होता म्हणूनच. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना तर इथून चालते व्हा असा हुकूम मिळाला होता. बेल्जियन काँगोत सिमोन किंबांगू नावाच्या काळ्या ख्रिस्ती उपदेशकाला १९२१ मध्ये पकडलं आणि १९५१ ला तो तुरुंगातच मेला. पकडणारं सरकारही ख्रिस्तीच की!

‘सत्ता गेली की आटतो.’ प्यू रिसर्च या अमेरिकन सर्वेक्षण संस्थेचे आकडे बघा: सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत १९१० साली ९ टक्के लोक ख्रिस्ती होते, २०१० साली ६३ टक्के. मधल्या काळात साहेब घरी गेला होता. कोरियात तर राज्य करत होता जपान, ख्रिस्ती नव्हेच, आणि १९१९ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या ३३ जणांत १६ ख्रिस्ती होते.

राहिली बेटं, कारण मेसेजमध्ये खास लिहिलंय की ‘पॅसिफिकची भोळी बेटं गोऱ्यांच्या जहाजांनी बाटवली’. जहाजं गेलीच, पण त्यातून उतरणारे शिक्षक पुष्कळदा ताहिती नाहीतर सामोआकडचे बेटवालेच असत. तुवालू या पॅसिफिकमधल्याच छोट्या बेटांच्या देशात तर जहाजही नव्हतं. १८६१ मध्ये मनिहिकी बेटावरचा एलेकाना नावाचा चर्चचा सेवक शेजारच्या बेटाकडे निघालेल्या होडीत होता, वादळ आलं, होडी आठ आठवडे वाहत राहिली आणि तुवालूतल्या नुकुलाएलाए बेटाच्या किनाऱ्याला लागली, तर या पठ्ठ्याने जीव वाचल्यावर तिथल्या लोकांना शिकवायलाच सुरुवात केली. मग तो सामोआत रीतसर शिकायला गेला. ब्रिटिशांचा अंमल अजून तीस वर्षं लांब होता. १८६३ मध्ये मात्र नुकुलाएलाएला एक जहाज आलं ते पेरूच्या मजूर-दलालांचं, आणि अर्ध्याहून जास्त बेट उचलून घेऊन गेलं. एलेकाना १८६५ ला तुवालूत परत आला, शिकवायला.

आता हे त्या ग्रुपवर टाकतो. ॲडमिनने काढलं नाही तर वाचा.