24 तास सगळ्यांना सारखेच? जरा हिशेब मांडू

सत्र सुरू झालं की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. यंदाही आला. आधी वर्गाच्या ग्रुपवर, मग नातेवाइकांच्या. एका पालकांनी तर तो थेट मला पाठवून खाली लिहिलं, "सर, आमच्या चिरंजीवांना जरा समजवा." मेसेजचा मथितार्थ असा: दिवसाचे 24 तास सगळ्यांना सारखेच मिळतात. बाबासाहेब 18-18 तास अभ्यास करायचे, कलाम पेपर टाकता टाकता शास्त्रज्ञ झाले, अमेरिकेत तर सगळीच मुलं नोकरी करून शिकतात. संशोधन काय, रात्री आणि रविवारीही होतं. झोप चार तास पुरे. तेव्हा पूर्ण कोर्स, नोकरी आणि संशोधन एकदम जमत नाही म्हणणारा आळशी, त्याला वेळेचं नियोजन येत नाही. शेवटी हात जोडलेला इमोजी.

मी मायक्रोबायोलॉजी शिकवतो. हा मेसेज ज्यांच्यासाठी लिहिलाय ती एम.एस्सी.ची मुलं रोज माझ्यासमोर बसतात आणि त्यातली काही बसल्या जागी पेंगतात. त्यामुळे चिरंजीवांना समजावण्याआधी मेसेजलाच थोडं समजावतो.

पहिली गोष्ट ते 24 तास. आठवड्याचे धरू, 168. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडे एम.एस्सी.चं एक सत्र 22 क्रेडिटचं. राष्ट्रीय क्रेडिट आराखडा सांगतो की एका क्रेडिटमागे अभ्यासाचे 30 तास, म्हणजे तासिका, प्रॅक्टिकल आणि घरचा अभ्यास सगळं मिळून. 22 गुणिले 30, 660 तास. पंधरा आठवड्यांत बसवले तर आठवड्याला 44. म्हणजे नुसतं एम.एस्सी. करणं हीच पूर्णवेळ नोकरी झाली, तीही बिनपगारी.

आता बदलापूरहून मुंबईत कॉलेजला येणारा मुलगा घ्या. लोकलने सीएसएमटीपर्यंत एका बाजूने साधारण दीड तास, म्हणजे जाऊन-येऊन तीन, सहा दिवसांचे 18. संध्याकाळी दुकानात पाच तास काम, त्याचे 30. झोप सात तास धरली तर 49. बेरीज 141. उरले 27, दिवसाला चारसुद्धा नाहीत. त्यात आंघोळ, जेवण, कपडे, आजारी पडणं आणि मेसेजकर्त्याच्या म्हणण्याप्रमाणे संशोधन. त्याच्याच बाकावर बसणारा दुसरा मुलगा कॉलेजपासून दहा मिनिटांवर राहतो, डबा आई देते, नोकरीची गरज नाही. त्याच्याकडे पहिल्यापेक्षा आठवड्याला पंचेचाळीसेक तास जास्त आहेत. आणि कॉलेजातून घरी गेल्यावर जिला आधी भाकऱ्या थापाव्या लागतात त्या मुलीचा हिशेब तर मी मांडलाच नाही. घड्याळ सारखं असतं हो, पण हातात उरणारा वेळ सारखा नसतो. मेसेज लिहिणाऱ्याने बेरीज केली, वजाबाकी करायची राहिली.

बाबासाहेबांचं उदाहरण या मेसेजमध्ये फार हक्काने वापरलं जातं, म्हणून तिथे थोडं थांबतो. 14 एप्रिलच्या निमित्ताने वाचनालयांत, कॉलेजांत मुलं सलग 18 तास अभ्यासाला बसतात. ते अभिवादन आहे, छानच आहे. पण कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब इतका अभ्यास करू शकले त्यामागे एक व्यवस्था होती. 1913 साली सयाजीराव महाराजांनी बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. त्या पैशात काटकसर होती, ओढाताण होती, पण संध्याकाळी गल्ल्यावर उभं राहायची सक्ती नव्हती. 1915 मध्ये एम.ए. झालं, 1916 मध्ये ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा काय झालं? 1917 मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून परत यावं लागलं. बाबासाहेबांनासुद्धा. त्यांना काय वेळेचं नियोजन येत नव्हतं?

पुढचा भाग मेसेजमध्ये कधीच नसतो. लंडनहून निघताना त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची परवानगी मिळवून ठेवली होती. 1918 पासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले. शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या मित्राने उसने पैसे दिले. 1920 मध्ये ते परत लंडनला गेले, 1921 मध्ये एम.एस्सी. आणि 1923 मध्ये डी.एस्सी. झाले. म्हणजे आधी कमाई आणि मग अभ्यास, असं एकामागून एक. जे उदाहरण 'सगळं एकदम करा' म्हणून सांगतात, ते खरं तर 'आलटून पालटून करा' याचं सगळ्यात मोठं उदाहरण आहे.

कलामांचंही तसंच. त्यांनी पेपर टाकले ते रामेश्वरमला, शाळकरी वयात, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, चुलतभावाला मदत म्हणून. मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत (एमआयटीत) विमानाचं इंजिनिअरिंग शिकताना ते पेपर टाकत नव्हते. तिथल्या प्रवेशाच्या पैशासाठी बहिणीने, जोहराने, सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण टाकली. पुढे एका प्रोजेक्टचं काम रखडलं तेव्हा सरांनी तीन दिवसांची मुदत दिली, नाहीतर शिष्यवृत्ती बंद म्हणून सांगितलं. कलामांनी रात्रीचा दिवस करून ड्रॉइंग पुरं केलं. ते तीन दिवस ते पूर्ण मोकळे होते म्हणून. शुक्रवारी रात्री मॅनेजरने शनिवारची शिफ्ट लावली असती तर काय झालं असतं, याचा विचार मेसेज पुढे पाठवणाऱ्याने करावा.

अमेरिकेच्या मुद्द्यावर मला जरा हसू येतं, कारण तो पाठवणाऱ्या काकांचा पुतण्या बहुतेक वेळा तिकडेच असतो. त्यालाच विचारा. एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावर तिकडे गेलेल्याला सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तासच काम करता येतं. ब्रिटनमध्ये पदवीच्या परदेशी विद्यार्थ्याला 20, कॅनडात 2024 च्या नोव्हेंबरपासून कॅम्पसबाहेर 24, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला 48. मुलं आळशी आहेत म्हणून या देशांनी मर्यादा घातली का? आणि ज्या मराठी मुलाला तिथे रिसर्च असिस्टंटशिप मिळते त्याचं काय होतं? संशोधन हीच त्याची नोकरी होते, साधारण 20 तासांची, पगारासकट, बऱ्याचदा फीही माफ. तीन कामांची दोन झाली. आपल्याकडे यूजीसीची ज्युनिअर फेलोशिप महिना 37,000 रुपये आहे, दोन वर्षांनंतर 42,000. ती घेणाऱ्याला दुसरी पगारी नोकरी करता येत नाही. नोकरी सांभाळून पीएच.डी. करायची तर अर्धवेळ पीएच.डी.ची वेगळी सोय आहे, मालकाचं ना हरकत पत्र लागतं. पैसे देणाऱ्यांना माहीत आहे की संशोधन उरलेल्या वेळात होत नाही. मेसेजला तेवढं माहीत नाही.

आता माझ्या प्रयोगशाळेत या, कारण 'संशोधन रात्री आणि रविवारी' हे वाक्य तिथेच तपासता येतं. जिवाणूंचा ग्रोथ कर्व्ह, म्हणजे वाढीचा आलेख, काढायचा आहे. फ्लास्कमध्ये मीडियम म्हणजे जिवाणूंचं पातळ खाद्य, त्यात कल्चर म्हणजे थोडे जिवाणू, फ्लास्क 37 अंशांच्या हलत्या शेकरवर. दर अर्ध्या तासाने थोडंसं काढायचं, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर 600 नॅनोमीटरला गढूळपणाचं रीडिंग घ्यायचं, वहीत लिहायचं. सुरुवातीला आकडा हलतच नाही, मुलं कंटाळतात. मग एकदम चढायला लागतो. चांगल्या खाद्यावर ई. कोलाय वीसेक मिनिटांत दुप्पट होतो; मातीतून वेगळे केलेले बरेच जिवाणू याहून कितीतरी सावकाश वाढतात. सकाळी दहाला लावलेला फ्लास्क चढाला लागेपर्यंत दुपारचे चार वाजलेले असतात. सगळं शास्त्र त्या चढात आहे, वाढीचा दर तिथूनच काढतात. आणि साडेचारला मुलाला शिफ्टला पळायचं असतं. तो रीडिंग मधेच सोडून जातो, दुसऱ्या दिवशी सकाळी येतो तेव्हा फ्लास्कमध्ये नुसती गढूळ आमटी, आलेख सपाट. जिवाणू रविवारची वाट बघत नाहीत.

दुसरीकडे रात्री करण्यासारखंही पुष्कळ असतं. डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआर मशीन लावून दिलं की दीड-दोन तास आपलं आपण चालतं. डीएनए सीक्वेन्सची तुलना लॅपटॉपवर रात्री अकरालाही होते. संशोधनाचे पेपर वाचणं, आलेख काढणं लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर तिथेही. नोकरी करणाऱ्या मुलाला विषय देताना मी हेच बघतो: काम मधेच सोडता येईल असं आहे की नाही. हे फक्त सायन्सपुरतं नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात बसून मोडी कागद वाचायचे असतील तर कार्यालयाच्या वेळेतच जावं लागणार, आणि मोडी घाईने वाचता येत नाही.

चार तास झोपेबद्दल फार बोलत नाही. प्रौढ माणसाला किमान सात तास लागतात, एवढं डॉक्टरला विचारून घ्या. मी फक्त 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये औषधाचं डायल्युशन, म्हणजे ते ओळीओळीने पातळ करत नेणं, करताना पेंगणारी मुलं बघितली आहेत. एका ओळीत पिपेट दोनदा बुडलं की पुढच्या सगळ्या ओळी चुकतात, आणि कुठली चुकली हे प्लेट बघून कळत नाही.

मेसेजची एक नवी आवृत्तीही आली आहे. त्यात कर्मवीर भाऊराव पाटलांचं 'कमवा आणि शिका' घातलंय. तिथे मेसेजकर्ता खरं तर स्वतःच्याच विरोधात साक्ष देतो. कर्मवीरांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली, 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. मुलं राबायची, पण काम संस्थेचं, आणि संस्थेला माहीत असायचं की उद्या पेपर आहे. विद्यापीठांतल्या आजच्या कमवा आणि शिका योजनेतही तेच सूत्र आहे: काम कॅम्पसवर, तास ठरलेले, तासिकांना धक्का न लावता. मॉलमधल्या शिफ्टला यातलं काहीच लागू नाही. तिथे परीक्षेचं वेळापत्रक दाखवलं की मॅनेजर म्हणतो, "बघ बाबा, जमत नसेल तर सोड."

काही गोष्टी मेसेजमध्ये खऱ्या आहेत, त्या मान्य करून टाकू. मोबाईलमध्ये तास जातात, नोकरी नसलेल्यांचे जरा जास्तच. आणि कामाने माणूस घडतो हेही खरं. मेडिकलच्या दुकानात काम केलेला मुलगा लॅबमध्ये आला की बाटली उचलल्या उचलल्या आधी बॅच नंबर आणि एक्स्पायरी वाचतो. हे शिकवायला मला इतरांच्या बाबतीत एक सत्र जातं.

नोकरीचेही क्रेडिट मिळतात म्हणे. मिळतात, पण ओजेटी (ऑन-द-जॉब ट्रेनिंग, म्हणजे कोर्समधलं कामाच्या जागचं प्रशिक्षण) मुख्य विषयाशी जोडलेलं आणि कॉलेजने मान्य केलेलं असावं लागतं. मोबाईलच्या दुकानातल्या नोकरीवर मायक्रोबायोलॉजीचं ओजेटी होत नाही. पॅथॉलॉजी लॅब किंवा डेअरीच्या क्वालिटी विभागात काम मिळालं तर होऊ शकतं, आणि मग एकाच कामात पगार आणि क्रेडिट दोन्ही साधतात. नोकरी शोधायचीच असेल तर तशी शोधा.

त्या पालकांना मी फोन केला आणि एवढंच सांगितलं की तिन्हीपैकी एक गोष्ट प्रत्येक सत्रात कमी करावी लागेल, कुठली ते घरात बसून ठरवा. एम.एस्सी.त संशोधन प्रकल्पाचे क्रेडिट तिसऱ्या आणि चौथ्या सत्रात आहेत. पहिल्या वर्षी नोकरी करू दे, संशोधनाच्या नादाला लावू नका. दुसऱ्या वर्षी शिफ्ट शनिवार-रविवारवर आणता येते का बघा. पदवीच्या मुलांना तर आणखी एक वाट आहे: नियमाप्रमाणे मधे बाहेर पडून तीन वर्षांत परत येता येतं आणि सात वर्षांत पदवी पुरी करता येते, मिळवलेले क्रेडिट शैक्षणिक क्रेडिट बँकेत जमा राहतात. ही सोय वापरणारा मुलगा नापास झालेला नसतो, हे नातेवाइकांना सांगायची जबाबदारी पालकांची.

आणि मुलाला सांगितलं, प्रकल्पाचा गाइड मीच असेन किंवा दुसरं कुणी, पहिल्या दिवशी तीन प्रश्न विचार. आठवड्याला किती तास लागतील? त्यातलं कुठलं काम दुपारीच करावं लागेल? माझी शिफ्ट असेल त्या संध्याकाळी प्लेट्स कोण बघणार? तिसऱ्याचं उत्तर "बघू" असं आलं तर विषय बदलून माग.