ॲटिकमधल्या सगळ्याच फटी बुजवू नका

‘हिवाळ्याआधी ॲटिकमध्ये (छताखालच्या माळ्यात) हवा येण्याची प्रत्येक जागा बंद करा, सॉफिट व्हेंट (वळचणीखालची हवेची भोकं) सुद्धा; हीटिंगचं बिल उतरेल’ हा सल्ला सध्या अमेरिकेतल्या मराठी मंडळींमध्ये फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. बुजवायच्या त्या ॲटिकच्या जमिनीतल्या फटी: वायरी, पाइप जिथून वर जातात त्या, आणि चढायच्या झाकणाच्या कडा. घरातली गरम, दमट हवा तिथूनच निसटते. फायबरग्लासचं इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) नुसतं वर पसरून ती थांबत नाही, म्हणून आधी फटी, मग इन्सुलेशन. चिमणीभोवती साधा फोम नको. तिथे पत्रा आणि उष्णता सोसणारं सीलंट. वळचणीखालच्या सॉफिट व्हेंट मात्र उघड्याच हव्यात, नाहीतर छताच्या फळ्यांवर ओल साचून बुरशी धरते. छताच्या उतारालाच स्प्रे फोम मारलेल्या, बंदिस्त ॲटिकची गोष्ट वेगळी.