सोयाच्या गोळीने कोलेस्टेरॉलची गोळी सुटते का?

बायकांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरणारा मेसेज असा: "पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं, कोलेस्टेरॉल चढतं. सोयाबीनमध्ये निसर्गाचं इस्ट्रोजेन आहे. सोयाची गोळी तीन महिने घ्या, कोलेस्टेरॉलची गोळी सुटेल. नाहीतर दळणात सोयाबीन टाका, घरचंच आहे."

पहिलं वाक्य खरं. पाळी कायमची थांबते त्याच्या आगेमागे वर्षभरात एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत थर धरणारं कोलेस्टेरॉल, झपाट्याने वाढतं.

"निसर्गाचं इस्ट्रोजेन" इथे गाडी घसरते. सोयाच्या गोळीत असतात आयसोफ्लेव्होन, म्हणजे इस्ट्रोजेनसारखी दिसणारी वनस्पतीतली द्रव्यं. रक्तातलं एलडीएल ओढून घेण्याचं काम यकृताचं, आणि इस्ट्रोजेन पेशींवर काम करतं ते रिसेप्टरला जुळून; ते अल्फा आणि बीटा असे दोन प्रकारचे, यकृतात अल्फा जास्त. आयसोफ्लेव्होन जुळतात मुख्यतः बीटाशी, तेही कमजोर. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2006 मध्ये तोवरचे अभ्यास तपासले: आयसोफ्लेव्होनने एलडीएल हललं नाही. रोज सुमारे 50 ग्रॅम सोया प्रथिन खाल्लं तर घट 3 टक्क्यांच्या आसपास. एलडीएल 160 असेल तर 155. स्टॅटिनच्या, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळीच्या, मध्यम डोसने ते 30 टक्के किंवा जास्त उतरतं, म्हणजे 112 किंवा त्याखाली. या दोन गोष्टी एका तराजूत घालणं हा हिशोबच नव्हे. स्टॅटिन मनाने बंद केली की काही आठवड्यांत आकडा परत वर जातो, आणि त्याचं अंगावर काहीच लक्षण दिसत नाही.

आता दळण. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनच्या राशी लागतात, म्हणून हा सल्ला आपल्याकडे लगेच पटतो. नऊ किलो गव्हाला एक किलो सोयाबीन, हे नेहमीचं माप. एका पोळीला 30 ग्रॅम पीठ धरलं तर सहा पोळ्यांत सोयाबीन 18 ग्रॅम, प्रथिन जेमतेम 7. पोळी सकस होते, कोलेस्टेरॉल उतरत नाही. तरी टाकायचंच असेल तर कच्चं नको: त्यातला एक घटक प्रथिन पचू देत नाही, पोट फुगतं. उकळत्या पाण्यात 20-25 मिनिटं ठेवून उपसा, कडक उन्हात खडखडीत वाळवा, मग गिरणीत न्या. ओलसर राहिलं तर पिठाला कुबट वास लागतो. आणि पेरणीतून उरलेलं, औषध चोळलेलं रंगीत बियाणं धुऊनसुद्धा खायचं नाही. ते विष आहे.

सोयावडी बरी. 50 ग्रॅम कोरड्या वडीत सुमारे 25 ग्रॅम प्रथिन. फायदा होतो तो मटणाच्या किंवा वनस्पती तुपातल्या पदार्थाच्या जागी खाल्ली तर. बोटभर तर्रीत बुडवलेली वडी म्हणजे तेलच खाणं.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट: या वयात थायरॉइड मंदावल्यानेही एलडीएल वाढतं, म्हणून आधी रक्तातला टीएसएच तपासा; थायरॉइड मंदावलं की हा आकडा वाढतो. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती पहाटे उपाशीपोटी नुसत्या पाण्यासोबत घ्या. सोयाची पावडर किंवा गोळी त्यानंतर चार तासांनी. दोन्ही एकत्र घेतलं तर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही, टीएसएच वाढतो, आणि ज्यासाठी सोया सुरू केलं तेच कोलेस्टेरॉल वर सरकू शकतं.