शॅमचे दात

परवाच्या पटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, पंकजची जोडी बाजूच्या तुरीत घुसली, हे तालुक्याला माहीत झालंय, म्हणून पुन्हा सांगत नाही. व्हिडिओ ज्याच्याकडे नसेल त्यानं राजूचं स्टेटस पाहावं. चोवीस तास झाले की राजू तो नव्यानं चढवतो.

काल संध्याकाळी सुधाकरच्या पानठेल्यासमोरच्या पारावर पंकज आला तो मोबाइल हातात धरूनच. पंकजला दिवसभर कृषी केंद्रात गिऱ्हाईक कमी अन् नेट जास्त. एखादा इंग्रजी शब्द सापडला की आठवडाभर तोच. दिवाळीत 'मायक्रोन्युट्रियंट' होतं, सध्या 'ब्लडलाइन' आहे.

"सारा खेळ ब्लडलाइनचा हाय," पारावर टेकायच्या आधीच त्यानं सुरू केलं. "रेसच्या घोड्यायचे बाप-आजे काढत गेलं तं तीन घोड्यायपाशी जाऊन थांबते. त्यातल्या त्यात बहुतेक सारे एक्लिप्सच्या वंशातले. १७६४ चा घोडा. १८ शर्यती पयला, एकबी हारला नाही. सूर्यगिरानाच्या दिवशी जन्मला म्हून तसं नाव."

"गिरानात?" सुधाकरचा खर्रा घोटणारा हात थांबला. "आमच्या बुढीनं असं वासरू दुसऱ्या दिवशी दान करून टाकलं असतं."

"म्हूनच तुमच्या घरी गाढवं रायले," राजू.

"मेल्यावर चिरून पायला तं त्याचं काळीज सहा किलोच्या वर भरलं," पंकज बोलतच होता. "साध्या घोड्याचं चार. रक्तातच असते ते. आपन किती ढेप खाऊ घातली तरी उपयोग नाही."

इथे गुणवंतभाऊंनी पहिल्यांदा मान वर केली. गुणवंतभाऊ म्हणजे आमच्याकडचे जुने धुरकरी, पटात जोडी हाकणारे. तळेगाव दशासरच्या पटात त्यांनी काय केलं ते ज्यांनी पाहिलं ती माणसं आता पारावर कमी अन् फोटोत जास्त उरली. बोलतात थोडं. खर्रा मात्र त्यांना लागतोच, आणि सुधाकर पन्नीवर सुपारी, तंबाखू, चुना घेऊन लाकडी फळीवर घासायला लागला की त्यांचं लक्ष त्या खसखशीकडे असतं.

"म्हंजे परवा तुही जोडी रक्तामुळं तुरीत गेली," ते म्हणाले.

पंकजनं ऐकलं नाही असं दाखवलं.

मास्तरांनी 'फार लॅप' नावाच्या घोड्याचं काढलं. मास्तर निवृत्त झाल्यापासून त्यांना वर्ग लागतो, तो आम्ही आहोत. "काळजाचंच म्हणशील तर फार लॅपचं घे. न्यूझीलंडमध्ये जन्मला, ऑस्ट्रेलियात पळाला. फक्त १६० गिनीला घेतला होता, तोंडावर चामखिळी. पुढे ५१ शर्यतींत ३७ जिंकला, १९३० चा मेलबर्न कप त्याचाच. १९३२ मध्ये अमेरिकेत अचानक मेला. काळीज सव्वासहा किलोच्या घरात, ते कॅनबेराला बरणीत ठेवलंय. कातडं मेलबर्नला अन् सांगाडा वेलिंग्टनला."

"तीन ठिकानी वाटनी?" राजू उभाच राहिला. "मास्तर, मंग तो आमच्याच घरचा घोडा हाय. बाप मेल्यावर विहीर मोठ्यानं घेतली, धुरा मधल्यानं, आन् सांगाडा मले देल्ला."

राजूच्या त्या चार एकरांची कोर्टातली तारीख मागच्या सोमवारीही पुढे गेली. तो विषय निघाला की अर्धा तास जातो, म्हणून मी घाईनं चहा सांगितला. तरी त्यानं मधल्या भावाच्या बायकोपर्यंत मजल मारलीच.

पंकजला मास्तरांनीच वाचवलं. म्हणाले, रक्ताला किंमत नाही असं नाही. बडोद्याच्या महाराजांनी इंग्लंडमध्ये एक शिंगरू २८,००० गिनी मोजून घेतलं, तेव्हाचा तो विक्रम. नाव ठेवलं सयाजीराव. सख्खा भाऊ डांटे १९४५ चा डर्बीविजेता. लोक हसले एवढ्या किमतीला, पण सयाजीरावनं १९४७ ची सेंट लेजर मारली.

"पाहा!" पंकज. "मास्तर बी ब्लडलाइनवालेच हायेत."

"मग सीबिस्किट अन् वॉर ॲडमिरल?" मास्तर थांबतात थोडेच. "वॉर ॲडमिरल म्हणजे मॅन ओ' वॉरचा मुलगा, देखणा, तिन्ही मोठ्या शर्यती जिंकलेला. सीबिस्किट त्याच मॅन ओ' वॉरचा नातू, पण बुटका अन् टोंगळ्यात वाकडा. १९३८ मध्ये दोघांचीच शर्यत लावली. रक्त एकच. जिंकला सीबिस्किट, चार लांबीनं, म्हणजे चार घोडे मावतील एवढ्या अंतरानं."

"म्हंजे काका-पुतण्या?" सुधाकर.

"नात्यानं तसंच."

"आन् पुतण्यानं काकाले हानलं!"

यावर जो हशा झाला त्यात पुढची पाच मिनिटं घोडे कुठल्या कुठे गेले आणि महाराष्ट्राचं राजकारण आलं. ते इथे लिहीत नाही, पारावर दोन्ही बाजूंचे लोक बसतात. सीबिस्किटला सुटायच्या घंटेची सवय लावून लावून त्याच्या ट्रेनरनं पहिल्याच झपाट्यात पुढे काढलं, हे मास्तरांनी दोनदा सांगितलं, कोणी ऐकलं नाही. ऐकलं फक्त गुणवंतभाऊंनी. "सुटतानाच शर्यत असते," एवढंच म्हणाले.

पंकजकडे एक हुकमाचा पत्ता राखून ठेवलेला होता. "हे सारे सोडा. सेक्रेटरिएट. १९७३. बेलमाँटची दीड मैलाची शर्यत २ मिनिटं २४ सेकंदांत. ३१ लांबीनं जिंकला! आजवर कोनी तोडला नाही. जिंकलेल्या तिकिटायपैकी पाच हजारांवर लोकायनं पैसे बी नाही घेतले, आठवन म्हून ठेवून देल्ली. आन् काळीज? १० किलो!"

"मोजलं कोन?" गुणवंतभाऊ.

"डॉक्टरनं."

"काट्यावर?"

पंकजनं मोबाइलवर बोट फिरवलं. "अंदाजानं."

"अंदाजानं तं व्यापारी बी माह्या कापसाच्या गाडीत दोन क्विंटलची घट काढते."

सुधाकरनं खर्रा पुन्हा खाली ठेवला. त्याचं असंच आहे, भांडण रंगलं की घोटणं बंद.

"लाव ते शर्यत," गुणवंतभाऊ म्हणाले. पंकजनं लावली. पाच जणांची डोकी त्या स्क्रीनवर, वरून ठेल्याचा पिवळा बल्ब. जुनं, रंग विटलेलं चित्रण. डोळ्यांवर निळ्या-पांढऱ्या चौकटीचं झाकण घातलेला लालसर घोडा आतल्या कडेनं अन् त्याला खेटून एक गडद रंगाचा. बाकीचे तीन मागे कुठेतरी. मैदानाचं पहिलं वळण संपलं तरी ते दोघं मान-मान सोडत नव्हते.

"थांबव. हा बाजूचा कोन?"

पंकजला माहीत नव्हतं. इतक्या वेळा पाहिलं म्हणतो, पण कधी विचारलंच नाही त्यानं स्वतःला. मास्तरांनी आपल्या मोबाइलवर शोधून सांगितलं, त्याचं नाव शॅम. केंटकी डर्बीत सुटताना त्याचं डोकं फाटकावर आपटून दोन दात पडले, रक्ताळल्या तोंडानं पळाला अन् सेक्रेटरिएटच्या अडीच लांबी मागे दुसरा आला. पुढची शर्यत प्रिकनेस, त्यातही दुसरा, पुन्हा अडीच लांबी. आणि ही तिसरी.

"पुन्हा लाव."

पुन्हा लावली. पहिले बाराशे मीटर ७० सेकंदांच्या आत गेले, मास्तर म्हणाले, दीड मैलाच्या शर्यतीत असं कोणी पळत नाही. मग शॅम सुटायला लागला. एक लांबी, तीन, दहा. शेवटी लालसर घोडा एकटा, आणि त्याचा जॉकी मान वळवून बाजूला काहीतरी बघतोय.

"घड्याळ पाहून रायला तो," गुणवंतभाऊ म्हणाले. "पाहाले कोनी घोडा उरला नाही म्हून."

"शॅम शेवटचा आला, पाचवा," मास्तर. "त्यानंतर पळालाच नाही. महिन्याभरात पायाचं हाड मोडलं."

"मंग झालं तं. कमजोर होता," पंकज.

"अबे लेका, त्यानं तीनदा त्याच्या संगं जीव काढला. सारे घोडे पहिल्या वळनापासून मांगं पडले असते तं या लाल्यानं कायले इतका दम लावला असता? विक्रम एकाच्या नावानं लिहिला, पयवला दोघायनं."

मास्तरांनी आक्षेप घेतला, आणि तो खरा होता. "पण गुणवंता, शेवटचा अर्धा मैल एकटाच पळाला की तो. अन् वाढवत गेला. तेवढं मोठेपण त्याचंच."

"त्याचंच. मी कोठं नाही म्हनतो? एकडाव लागलेली धाप एकट्यालेबी नेते." मग पंकजकडे वळून, आवाज तोच: "बादल गेला का परवा एकटा?"

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, तुम्ही थोडेच असाल. पंकजची मूळ जोडी बादल आणि मुक्या. बादल पांढराशुभ्र, शिंगं रंगवली की बॅनरवर शोभणारा. मुक्या गवळाऊ, मातकट रंगाचा, दिसायला कशातच नाही. गवळाऊ जात मराठ्यांच्या फौजेच्या सामानाच्या गाड्या ओढून नावाजली, पण मुक्याकडे पाहून ते कोणाला आठवत नसे. जोडी जिंकली की हार बादलच्या गळ्यात, फोटो बादलचा, पंकजच्या दुकानाच्या कॅलेंडरवर बादल. मागच्या उन्हाळ्यात पंकजनं मुक्या विकला आणि पश्चिमेकडून खिल्लार आणला, सुलतान. कागदासकट. तीन पिढ्यांची नावं होती म्हणे त्यात.

"दोन्ही भारी बैल होते भाऊ," पंकज रडवेला झाला होता.

"भारी होते ना. दोघायलेबी आपनच बादल वाटे. दोघंबी वाट पाहे का दुसऱ्यानं जू ओढावं. मंधात तूर आली, घुसले."

"जपानात एक घोडी होती," मास्तरांनी कुठून काढलं कोण जाणे, "हारू उरारा. ११३ शर्यती पळाली, एकही जिंकली नाही. तरी तिला पाहायला गर्दी व्हायची."

"पंकज, मास्तर तुले धीर देऊन रायले," राजू म्हणाला. "अजून ११२ बाकी हायेत."

चहा आला. पंकजनं न सांगता सगळ्यांचे पैसे दिले, याची नोंद घ्यावी, असं सहसा होत नाही. मग कप खाली ठेवत, एकदम खालच्या आवाजात: "भाऊ, मुक्या कसा हाय आता?"

मुक्या विकत घेतला तो गुणवंतभाऊंनीच. बाजाराला गेले होते बकरी घ्यायला.

"बरा हाय. पन वावरातल्या कामाचा नाही. श्रावनात डवऱ्याले जुपला, तं दोन तासं झाले नाही का कपाशी बांधावर आन् मी चिखलात आडवा. बुढी हासून हासून खाली बसली. जाऊ दे म्हटलं, बसून खाय बापा."

"मले देता का वापस?"

"नाही."

"पैसे वाढवून देतो."

"मुक्या नाही देत. तूच बादल आनून बांध माह्या गोठ्यात, जागा हाय. काय घेशीन?"

पंकजची छाती जरा वर आली. "बादलले साडेचार लाखाले मांगत होते, भाऊ."

"कवा? तुरीत घुसायच्या आंधी का मांगून?"

राजूच्या तोंडातला चहा मास्तरांच्या धोतरावर गेला, अन् मास्तर घोडे सोडून राजूच्या सात पिढ्यांवर आले.