तीन कांड्यांचा ऊस

"अजून तेच ठोकळे? दहा वर्षांपूर्वी आमचा पोरगा खेळायचा हे!"

आज दुपारी घरी आलेल्या पाहुण्यांनी माझ्या अकरा वर्षांच्या भाचीच्या लॅपटॉपकडे बघत हे वाक्य टाकलं आणि चहात बिस्किट बुडवलं. पोरगी गप्प. पाहुण्यांना काय बोलायचं म्हणून मीही गप्प. आता बोलतो.

तिच्या माइनक्राफ्टमध्ये, म्हणजे ठोकळ्यांनी जग रचायच्या त्या खेळात, तेव्हा उसाचा फड उभा होता. एका ओळीत आठ ऊस, पुढ्यात पाण्याचा पाट, मागे आठ पिस्टन, म्हणजे समोरचं ढकलणारे ठोकळे, पिस्टनच्या डोक्यावर आठ ऑब्झर्व्हर, म्हणजे पहारा ठेवणारे ठोकळे, आणि त्यांच्या पाठीमागे रेडस्टोनची, म्हणजे विजेच्या तारेसारखं काम करणाऱ्या भुकटीची, सलग रेघ. ऊस तीन कांड्यांचा झाला की ऑब्झर्व्हरला कळतं, त्याच्या पाठीतून रेडस्टोनला झटका जातो, पिस्टन मधलं कांडं उडवतो, वरचं आपोआप पडतं, माल पाटातून वाहत पेटीत. खालचं कांडं राहतं आणि पुन्हा वाढतं. आठच ऊस का? तर सपाटीवर एका बादलीचं पाणी मूळ ठोकळा धरून आठच ठोकळे धावतं.

सगळं होतं, फक्त चालत नव्हतं. आठही ऊस तीन-तीन कांड्यांचे, ताठ उभे. पिस्टन ढिम्म.

अशा वेळी पाहुण्यांना ठोकळे दिसतात. अहो, ठोकळे आहेत म्हणूनच हा खेळ टिकला! तो बनवणाऱ्या मार्कस पेर्सनने 17 मे 2009 ला पहिली कच्ची आवृत्ती लोकांसमोर टाकली, 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलर मोजून स्टॉकहोमची त्याची कंपनीच घेतली, आणि 2023 पर्यंत 30 कोटींवर प्रती खपल्या. त्या काळात भारी ग्राफिक्सवाले किती खेळ आले आणि पुसले गेले. इथं एका ओंडक्याच्या चार फळ्या होतात, त्या कालही चार होत्या, उद्याही चारच. एक कोळसा भट्टीत आठ वस्तू भाजतो. रेडस्टोनचा झटका पंधरा ठोकळे जातो, सोळाव्याला मरतो, पुढे न्यायचा तर मध्ये झटक्याला नवा जोर देणारा रिपीटर लावा. नियम मूठभर, पण त्यात वशिला चालत नाही. चुकलं तर तुमचं चुकलं, आणि कुठं चुकलं ते समोर मांडलेलंच असतं. शोधा.

याउलट आपण काय करतो? हजारो रुपये भरून पोराला रोबोटिक्सच्या क्लासला घालतो. तिथं किटसोबत छापील कागद येतो, पायरी चार, निळी वायर इथे. गाडी चालते, आईबाप व्हिडिओ काढतात, स्टेटसला ठेवतात. त्यात पोराने काय शोधलं? काहीही नाही. पण तो 'अभ्यास' आणि हा 'टाइमपास'!

त्या फडाचा हिशेब सांगतो. आठ पिस्टनना 24 फळ्या, 32 दगड, 8 लोखंडाच्या लगडी, 8 रेडस्टोन. आठ ऑब्झर्व्हरना 48 दगड, 16 रेडस्टोन, 8 क्वार्ट्झ. मागच्या रेघेला आणखी 8 रेडस्टोन. फळ्या झाडांच्या, बाकी सगळं घराखाली खणून मिळतं, पण क्वार्ट्झ नेदरमध्ये, म्हणजे खेळातल्या दुसऱ्या जगात. म्हणजे आधी तिकडं जायला ऑब्सिडियन नावाच्या काळ्या दगडाचं दार, कोपरे सोडले तरी दहा ठोकळे. तिकडं जाऊन बसलात की इकडं ऊस वाढायचा थांबतो, कारण खेळ तुमच्या आसपासचाच मुलूख जागा ठेवतो. हे सगळं तिनं वहीत लिहून काढलं होतं, पेन्सिलीनं, खाडाखोड करत. ही वही पाहुण्यांनी पाहिली नाही.

तर पिस्टन ढिम्म. चूक अशी की पाटाच्या बाजूला उभं राहून पिस्टन ठेवला तर त्याचं तोंड तुमच्याकडे, म्हणजे उसाकडे येतं. बरोबर. तिथूनच ऑब्झर्व्हर ठेवला तर मात्र तो तुमच्याकडे पाठ करतो! खेळाच्या जावा नावाच्या आवृत्तीत भलेभले इथं फसतात. आठही पहारेकरी उसाकडे पाठ करून उभे होते. तिनं घाईत पहिला हातानंच फोडला, आणि ऑब्झर्व्हर कुदळीशिवाय फोडला की हाती काही लागत नाही. एक क्वार्ट्झ गेलं. उरलेले सात कुदळीनं काढून, मागे जाऊन, नीट तोंड करून लावले.

तरीही ढिम्म.

एव्हाना पाहुणे गेले होते आणि आबा खुर्ची ओढून बसले होते. आबांनी जन्मभर ऊस केला. त्यांचा पहिला आक्षेप तीन कांड्यांवर. दुसरा, "कांडं मागं का ठेवतीस? जमिनीलगत तोडायचा, साखर बुडात असतीया." तिनं सांगितलं की खालचं ठेवलं तर पुन्हा लावावा लागत नाही. आबा म्हणाले, "मग खोडवाच की!" आणि चष्मा वर करून आणखी पुढे सरकले.

वेळ खातो हा खेळ, मान्य. तासाभरासाठी बसलेलं पोर जेवायलासुद्धा उठत नाही, तेही मान्य. आणि यूट्यूबवरचा फड बघून तस्साच उतरवणारी पोरंही असतात, त्यांच्याबाबतीत पाहुणे खरे. झालं समाधान?

शेवटी आबाच वैतागले. "अगं, एक हातानं तोडून तर बघ!" तिनं एका उसाचं वरचं कांडं तोडलं आणि खाडकन आठही पिस्टन हलले. ऑब्झर्व्हर फक्त बदल बघतो. पूर्ण वाढलेल्या उसात बदल काय होणार? म्हणून सगळे गप्प होते. आणि सात ऑब्झर्व्हरवर आठ पिस्टन हलले, कारण मागची रेघ सलग. म्हणजे एकच ऑब्झर्व्हर पुरला असता. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला, आणि आबा इतके हसले की आतून आई बघायला आली.

आबांना आता कारखाना कुठाय ते हवं होतं. कारखाना नाही, कागद करायचाय. एन्चांटिंग टेबल, म्हणजे हत्यारांवर जादू चढवायचं टेबल, पूर्ण ताकदीनं चालायला भोवती पंधरा पुस्तकांची कपाटं लागतात. त्यांना 45 पुस्तकं, म्हणजे 135 कागद, म्हणजे 135 कांडी. एका तोडीला फार तर सोळा. एक कांडं वाढायला सरासरी अठरा मिनिटं.

"आणि पुस्तकाला कातडं पण लागतं, आबा. पंचेचाळीस."

आबा गंभीर झाले. "गाई किती हायेत?"

"दोन."

आता रात्रीचे साडेनऊ झालेत. दोघं कुंपण घालतायत.