सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून इसार देऊ नका

'जमीन घेताना वकिलावर पैसे का घालवता?' अशा मथळ्याचा पाच कलमी मेसेज सध्या जळगाव-धुळ्याच्या ग्रुपवर फिरतोय. सुरतेला कामाला असलेल्या माझ्या मावसभावाने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, 'चोपड्याकडे दोन एकर बघितलंय, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो.' आयुष्यभराची कमाई तो या मेसेजच्या भरवशावर देणार आहे, म्हणून हे उत्तर.

मेसेजचं पहिलं कलम: 'सातबाऱ्यावर ज्याचं नाव तोच मालक.' यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करावं लागेल. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे ती नोंद खरी धरतात, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. ते नाव तिथे कसं आलं, हे जुने फेरफार (नाव बदलल्याच्या नोंदी), खरेदीखतं आणि वाटणीपत्रं सांगतात. ती वाचल्याशिवाय नुसता ऑनलाइन उतारा काढून काही कळत नाही.

'पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केली की व्यवहार पक्का.' साफ खोटं. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट सांगितलं की साठेखत (विक्रीचा नुसता करार) आणि मुखत्यारपत्रावर स्थावर मालमत्तेची मालकी जात नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. नोटरी फक्त सही कुणाची ते बघतो.

मेसेजमधलं तिसरं कलम वाचून मात्र संताप आला. 'आदिवासीची किंवा वर्ग 2 ची (सरकारी अटींवर दिलेली) जमीन नोटरी करून घ्या, ताबा ठेवा, 12 वर्षांनी आपोआप आपली.' चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, शहादा या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत असं सांगणारा माणूस लोकांना सरळ खड्ड्यात ढकलतोय. संहितेचं कलम 36अ वाचा. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, आणि त्या मंजुरीआधी राज्य शासनाची मान्यता. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण असेल तरी जिल्हाधिकाऱ्यांना विचारावंच लागतं. मग कागदावर 'विक्री' न लिहिता 'ताबा' लिहिलं म्हणून कोण सोडणार आहे? आणि ते 12 वर्षांचं गणितही चुकीचं. मालकाने स्वतः पैसे घेऊन शेत तुमच्या हाती दिलं, तर तो ताबा त्याच्या संमतीचा झाला. प्रतिकूल ताब्याची, म्हणजे मालकाच्या हक्काविरुद्ध उघडपणे ठेवलेल्या ताब्याची, मुदत त्यावर सुरूच होत नाही. शेवटी जमीन मूळ मालकाला परत करण्याचा आदेश निघू शकतो आणि घेणाऱ्याचे पैसे बुडतात. तोवर एखादं पावरा किंवा भिल्ल कुटुंब मात्र आपल्याच शेतात मजुरी करत असतं. हे नुकसान मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यातही आलेलं नाही. वर्ग 2 चंही तसंच: परवानगीशिवाय व्यवहार केला की शर्तभंग, आणि जमीन सरकारजमा होऊ शकते.

'लग्न झालेल्या बहिणींची सही लागत नाही.' लागते. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे, लग्न झालेलं असो वा नसो. विकणारा म्हणाला 'बहिणींनी सोडलंय', तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागा.

'सर्च रिपोर्ट म्हणजे वकिलांचा धंदा.' सूची 2, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांचा गोषवारा, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर घरबसल्या बघता येते, हे खरं. पण तोंडी वाटण्या आणि कोर्टात चाललेले दावे तिथे दिसत नाहीत. म्हणून मालकीच्या कागदांचा 30 वर्षांचा शोध (हाच सर्च रिपोर्ट) वकिलाकडूनच घ्यावा आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी.

मावसभावाला एवढंच कळवलंय: त्या गटाचा सातबारा, 8अ (खातेउतारा) आणि सगळे जुने फेरफार आधी पाठव. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाचं नाव किंवा पुनर्वसनाचा शेरा आहे का ते मी बघतो. विहिरीतला हिस्सा आणि शेतात जायचा रस्ता लेखी हवा, मोजणी झालेली हवी. तोवर दलालाला एक रुपयाही देऊ नकोस, आखाजी पुढच्या वर्षीही येते.