वजन मोजा, पण माल भरणाऱ्यालाही धरा

गेल्या आठवड्यात माझ्यासमोर एक ट्रक वजनकाट्यावर चढला. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची कमान पार सपाट झाली होती, टायर खाली दबून बाहेर फुगले होते. आकडा पासिंगच्या, म्हणजे गाडीला मंजूर असलेल्या वजनाच्या, बराच वर गेला. दंडाची पावती हातात घेत ड्रायव्हर एवढंच म्हणाला, "भरताना मला कुणी विचारलं नाही साहेब. नाही म्हटलं असतं तर भाडं दुसऱ्याला गेलं असतं." ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

आधीच सांगतो, गाडी न थांबवता रस्त्यातच वजन मोजणाऱ्या यंत्रणेच्या मी पूर्ण बाजूने आहे. रस्त्यात आडव्या पट्ट्या पुरलेल्या असतात. चाक वरून गेलं की त्यातल्या सेन्सरवर दाब येतो, एकेका एक्सलचं, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या दांड्यावरचं, वजन निघतं आणि कॅमेरा नंबरप्लेट टिपतो. ना रांग, ना ओळखपाळख, ना घासाघीस. काट्यावर दिवसभरात मोजक्याच गाड्या तोलून होतात, इथे प्रत्येक गाडी तोलली जाते.

आणि तोललीच पाहिजे. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक सतत फिरवले गेले. त्यातून निघालेला ठोकताळा असा, की रस्त्याची झीज एक्सलवरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. म्हणजे १० टनांच्या जागी १२ टन टाकले, तर वजन वाढलं २० टक्के आणि झीज झाली दुपटीच्या वर. रस्त्यावर चाकांच्या रेषेत जे दोन लांब चर पडतात, पावसात ज्यांत पाणी साचून दुचाकी घसरते, त्यांत या जादा टनांचा मोठा हात असतो. उतारावर तापून निकामी होणाऱ्या ब्रेकबद्दल तर वेगळं सांगायला नको.

न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन-क्वीन्स एक्सप्रेसवेच्या जुन्या, खंगलेल्या भागावर नोव्हेंबर २०२३ पासून अशीच यंत्रणा थेट दंड करू लागली, एका वेळी ६५० डॉलर. जादा वजनाच्या गाड्या निम्म्याहून कमी झाल्या, असं तिथल्या शहर प्रशासनाचं म्हणणं आहे. धाक बसतो तो असा, रोजच्या रोज.

यंत्र चुकतं का? चुकू शकतं. धावती गाडी उसळत असते, त्यामुळे चाकाचा दाब क्षणाक्षणाला वरखाली होतो. रस्ता खडबडीत असेल तर आणखीच. उन्हाने डांबर मऊ पडलं तरी आकडा सरकतो. म्हणून थोडी सूट ठेवायची, यंत्राची वेळोवेळी तपासणी करायची आणि तिची तारीख नोटिशीवर छापायची. हे काही अवघड नाही.

अवघड आहे ते पुढचं. कॅमेऱ्याला फक्त नंबरप्लेट दिसते. माल कुणी भरला, कुणाच्या सांगण्यावरून भरला, कमी भाड्यात जास्त टन कुणी कोंबले, हे त्याला दिसत नाही. नोटीस जाते गाडीमालकाला, तो ती ड्रायव्हरच्या पगारातून वळती करतो, आणि माल भरणारा दुसऱ्या दिवशी तेवढाच माल भरतो. कधीकधी तर एकूण वजन मर्यादेत असूनही ड्रायव्हर अडकतो. वाटेत मागच्या एक्सलच्याही मागे असलेला माल उतरवला की पुढच्या एक्सलवरचा भार वाढतो आणि तो मर्यादा ओलांडू शकतो. हे रस्त्यात त्याने कशाने ओळखायचं?

ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक राज्यांत २०१४ पासून लागू असलेल्या अवजड वाहन कायद्यात माल पाठवणारा, भरणारा, फेऱ्या ठरवणारा, सगळेच वजनाला जबाबदार धरले जातात. मला हेच हवंय. ज्या सर्व्हरवर नंबरप्लेट जाते, तिथे त्या फेरीची बिल्टी, म्हणजे मालाची पावती, जोडणं आज सहज शक्य आहे. एअर सस्पेन्शनच्या, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर तोललेल्या, गाड्यांत तर हवेच्या दाबावरून एक्सलचं वजन केबिनमध्येच दिसू शकतं. माल भरून गाडी फाटकाबाहेर पडायच्या आधी तो आकडा बिल्टीवर लिहा, खाली भरणाऱ्याची सही घ्या, आणि पुढे रस्त्यातल्या पट्टीवर वजन जास्त आलं तर पहिली नोटीस त्या सहीच्या पत्त्यावर पाठवा.